ओळखीच्या गावातला समुपदेशक

मानसशास्त्राच्या एम.ए.ला समुपदेशनाचा पेपर असतो आणि त्यात नीतिनियमांचे एक प्रकरण असते. बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. त्यातला एक नियम असा, की ज्या व्यक्तीशी आपले दुसरे काही नाते आहे तिला समुपदेशन करू नये. नातेवाईक, शेजारी, आपला विद्यार्थी, आपला सावकार, आपला मजूर, यांपैकी कोणालाही नाही. याला दुहेरी नाते टाळणे म्हणतात. कारणही पटण्यासारखे आहे. ज्याच्याकडून उद्या उसने पैसे घ्यायचे आहेत, त्याला आज मोकळेपणाने प्रश्न कसे विचारणार?

आता हा नियम घेऊन बीड जिल्ह्यात पाटोदा किंवा वडवणी तालुक्यातल्या हजार-दीड हजार वस्तीच्या गावात जाऊ. तिथे अनोळखी कोण आहे? आशा कार्यकर्ती गावचीच सून. तिची नणंद, तिची जाऊ, तिच्या सासऱ्याचा बांधावरून भांडण झालेला भाऊबंद, सगळे तिच्याच यादीत. शाळेतल्या गुरुजींचे तेच. नियम अक्षरशः पाळला तर गावात कोणी कोणाशी मनातले बोलायचेच नाही, आणि नियमच सोडून दिला तर बोललेले संध्याकाळपर्यंत पारावर पोचेल.

नियम ज्या पुस्तकात आला त्याच्या आधी तो कोणाच्या तरी आयुष्यात आला असला पाहिजे. तो कोठून आला हे पाहिले तर त्याचा कोणता भाग आपल्याकडे टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून हा इतिहास.

सुरुवात आपल्या घरातूनच करता येते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यकी शिकू पाहणाऱ्या शिष्याला गुरू अग्नीसमोर काही गोष्टी बजावतात. रुग्णाच्या घरी जाताना त्या घरात ज्याला प्रवेश आहे अशा ओळखीच्या माणसाबरोबर जावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी रुग्णाखेरीज इतरत्र जाऊ देऊ नये. त्या घरात काय चालते ते बाहेर सांगू नये. रुग्णाचे आयुष्य संपत आले आहे हे कळले, तरी जिथे बोलल्याने त्याला किंवा दुसऱ्याला धक्का बसेल तिथे बोलू नये. स्त्रीने दिलेली वस्तू तिच्या पतीच्या किंवा पालकाच्या अनुमतीशिवाय घेऊ नये.

जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे हे नियम आजही बरेचसे ओळखीचे वाटतात. पण बारकाईने पाहिले तर इथे गुपित आहे ते घराचे, कुळाचे. रुग्णाने वैद्याला सांगितलेले त्याच्याच घरच्यांपासून लपवावे, ही कल्पना इथे दिसत नाही. अनुमतीही पती किंवा पालक देतो. आपल्याकडे आजही रुग्णाबरोबर चार माणसे डॉक्टरांच्या खोलीत शिरतात आणि "तिला काय झालंय ते आम्हाला सांगा, तिला नको" असे म्हणतात, ते काही आजचे नाही.

गुपित घराचे नसून व्यक्तीचे, ही कल्पना मानसोपचारात ठळक झाली ती युरोपात. पण तिथेही ती सरळ आली नाही. व्हिएन्नामध्ये १९०० साली सिग्मंड फ्रॉइडकडे एका अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी आणले. वर्षअखेरीस तिने स्वतःच उपचार थांबवले. फ्रॉइडने तिची हकीकत १९०१ च्या सुरुवातीला लिहून काढली, पण छापली १९०५ मध्ये, 'डोरा' हे खोटे नाव देऊन. प्रस्तावनेत तो या अडचणीशी झगडताना दिसतो. रुग्णाची माहिती छापणे हे विज्ञानाप्रती कर्तव्य आहे असे त्याचे म्हणणे; आणि परवानगी मागून उपयोग नाही, कारण कोणी देणारच नाही, असेही म्हणणे. म्हणजे नाव लपवले, चार वर्षे थांबला, पण विचारले मात्र नाही. आजच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण असे मांडले तर परीक्षक ते परत करतील.

यानंतर बराच काळ मानसशास्त्रज्ञांना नीतिसंहितेची निकड वाटली नाही, कारण त्यांच्यातले बहुतेक जण प्राध्यापक होते. प्रयोगशाळा, उंदीर, स्मरणशक्तीच्या चाचण्या यांत गुपिते फारशी नसतात. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. मनाने मोडलेले हजारो सैनिक परत आले, मनोविकारतज्ज्ञ पुरेनात, आणि अमेरिकन सरकारने चिकित्सक मानसशास्त्रज्ञ तयार करण्यासाठी विद्यापीठांना पैसा दिला. १९४९ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावी परिषद भरली आणि या पदव्युत्तर शिक्षणाचा साचा ठरला: विद्यार्थ्याने संशोधनही शिकावे आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णही पाहावेत. जगभरचे अभ्यासक्रम आजही कमी-अधिक याच साच्यातले आहेत.

याच सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नीतिसंहिता करायला घेतली, आणि या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे येतो. समितीचे अध्यक्ष होते निकोलस हॉब्ज. चार विद्वानांनी बंद खोलीत बसून तत्त्वे लिहायची, हा नेहमीचा मार्ग त्यांनी घेतला नाही. संघटनेच्या सुमारे साडेसात हजार सभासदांना पत्र गेले. त्यात मागणी अशी होती, की तुमच्या कामात योग्य काय, अयोग्य काय हे ठरवावे लागले असा एखादा प्रत्यक्ष प्रसंग कळवा, आणि त्यात कोणता नैतिक प्रश्न गुंतला होता तेही लिहा. हजाराहून अधिक प्रसंग आले. समितीने ते वाचले, गटवार लावले, त्यांवरून मसुदा केला, तो पुन्हा सभासदांपुढे ठेवला. १९५३ मध्ये पहिली संहिता प्रसिद्ध झाली.

म्हणजे आधी निरीक्षणे, मग वर्गीकरण, मग नियम, आणि नवी निरीक्षणे आली की दुरुस्ती. विज्ञानाच्या तासाला आपण ज्याला वैज्ञानिक पद्धत म्हणतो ती नीतीच्या कामाला लावली होती. दुरुस्त्याही पुष्कळ झाल्या. दुहेरी नात्याचा आपला नियमच घ्या. अमेरिकेतही लहान गावे आहेत, आणि तिथल्या समुपदेशकाला किराणा दुकानात आपला रुग्ण भेटतोच. १९९२ च्या संहितेने मान्य केले, की अनेक ठिकाणी असा संबंध टाळणे शक्य नसते आणि रास्तही नसते. २००२ च्या संहितेने आणखी स्पष्ट केले: ज्या दुहेरी नात्यामुळे कामात बिघाड होण्याची किंवा समोरच्याचे नुकसान होण्याची शक्यता दिसत नाही, ते अनैतिक नाही. जे कधीच चालणार नाही तेही स्पष्ट झाले. उपचार चालू असलेल्या व्यक्तीशी शरीरसंबंध नाही, हे वाक्य १९७७ पासून संहितेत आहे. आपल्याकडच्या नोट्समध्ये मात्र "दुहेरी नाते टाळावे" एवढी एकच ओळ उतरली आणि तिच्यामागचा तीस-चाळीस वर्षांचा वाद गळून पडला.

गुपिताच्या नियमाचे तेच झाले. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितले, की एका मुलीला मी मारणार आहे. मानसोपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला थोडा वेळ अडवून ठेवले आणि बरा दिसतो म्हणून सोडले. मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच सांगितले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिचा खून केला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. तारासॉफ खटला म्हणून तो सर्व पाठ्यपुस्तकांत असतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये निर्णय दिला, की दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर उपचारकाचे गुप्ततेचे बंधन मागे पडते आणि त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी पावले उचलण्याचे बंधन पुढे येते.

भारतात असाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. एका रुग्णाचा एच.आय.व्ही. अहवाल उघड झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले, की वैद्यकीय गुप्तता निरपवाद नाही. होणाऱ्या जोडीदाराचे आरोग्य धोक्यात असेल तर ती बाजूला सारता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये हे दोन्ही धागे दिसतात. मनोरुग्णाला गुप्ततेचा हक्क आहे. अपवादही दिले आहेत: रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे इतर तज्ज्ञ, दुसऱ्या व्यक्तीचे हिंसेपासून रक्षण, रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका, न्यायालय वा सक्षम मंडळाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. या यादीत 'घरचे' असा सरसकट अपवाद नाही. चरकाच्या काळापासूनची रीत कायद्याने इथे बदलली, आणि याची फारशी चर्चा झाली नाही.

शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. वर्ग सुटल्यावर एखादी मुलगी मागे राहते आणि म्हणते, "सर, कुणाला सांगणार नाही ना?" चांगल्या शिक्षकाच्या तोंडून "नाही सांगणार" हे आपसूक निघते. पण बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने (पॉक्सो), असा गुन्हा घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून समुपदेशनाच्या प्रशिक्षणात एक साधी सवय लावतात. ऐकण्याआधीच सांगायचे: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर योग्य माणसाला सांगावे लागेल. कोणाला सांगायचे ते तुला आधी कळेल." हे ऐकून काही मुले गप्प होतात, हे खरे. पण वचन देऊन मोडले तर ते मूल पुन्हा कोणाशीच बोलत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण देण्याची व्यवस्था कशी उभी राहिली ते थोडक्यात पाहू. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले आणि १९३८ मध्ये जे.जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. चिकित्सक मानसशास्त्राचा पद्धतशीर पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ मध्ये आला. तीच पुढे निमहान्स झाली. या तज्ज्ञांची देशव्यापी संघटना १९६८ ची. कायद्याचे बळ मिळाले ते १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने. त्यानुसार परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंडाची रक्कम वाचून हसू येते, पण तशीच आहे.) नोंदणीची मुख्य वाट होती दोन वर्षांची, रुग्णालयात देखरेखीखाली करायची एम.फिल. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुभा ठेवली. आता तिची जागा नवे अभ्यासक्रम घेत आहेत.

नुसत्या एम.ए.ने ही नोंदणी मिळत नाही, आणि एम.फिल.च्या जागा देशभरात मोजक्या. त्यामुळे मराठवाड्यातून एम.ए. होणारे पुष्कळ जण 'समुपदेशक' होतात. या शब्दावर बराच काळ कोणत्याच कायद्याचे बंधन नव्हते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने प्रथमच वर्तन-आरोग्याच्या गटात इतर मानसशास्त्रज्ञ व मानसिक आरोग्याचे साहाय्यक यांना स्थान दिले. जागांपेक्षाही मला मोठी वाटते ती देखरेखीची उणीव. पाटी लावून बसलेल्या तरुण समुपदेशकाला अडले तर विचारायचे कोणाला? नीतिनियम पुस्तकातून पाठ होतात; ते लावायचे कसे हे वरिष्ठाबरोबर बसून प्रकरणे चर्चिल्यावरच कळते.

संमतीच्या बाबतीत महाराष्ट्राने दोनदा धक्का खाल्ला. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. (हे पुणे जिल्ह्यातले शिरूर, बीडचे शिरूर कासार नव्हे.) पाळीच्या वेळची स्वच्छता मुलींना जमत नाही, हे कारण. मुलींच्या वतीने निर्णय मोठ्यांनी घेतला होता. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १० सांगते, की जिच्यामुळे वंध्यत्व येईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही.

दुसरा धक्का बीडचाच. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची शासनाने चौकशी केली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. या बायका मनोरुग्ण नव्हत्या, सज्ञान होत्या, कागदावर त्यांची सही किंवा अंगठा होता. पण ज्या बाईला "कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली, जिने मुकादमाची उचल घेतली आहे आणि एक दिवस खाडा झाला तर दंड भरायचा आहे, तिच्या होकाराला माहितीपूर्ण संमती म्हणायचे का? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच मानसशास्त्राचाही. दडपणाखाली दिलेला होकार ओळखणे हे समुपदेशकाचे रोजचे काम.

शेतकरी आत्महत्यांनंतर शासनाने २०१५ मध्ये मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघरी विचारपूस करून खचलेली माणसे हेरायची, त्यांना समुपदेशकाकडे, गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण पहिली विचारपूस होते ती ओट्यावर. समजा, सासू शेणाने सारवता सारवता ऐकते आहे आणि आशा सुनेला विचारते, "जगून काय उपयोग असं वाटतं का?" काय उत्तर येणार? आणि खरे उत्तर आले तर ते कोणाचे गुपित?

त्या उत्तरामागे पोलिसांची भीतीही होती. फवारणीचे औषध प्यालेल्या माणसाला दवाखान्यात आणले, की नातेवाईक "चुकून पोटात गेलं" सांगत, कारण आत्महत्येचा प्रयत्न दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते कलमच उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. गावात हे अजून पुरते पोचलेले नाही. शिक्षकांनी सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि तिच्याबरोबर १४४१६ हा टेलि-मानसचा दूरध्वनी क्रमांकही. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे आणि तिथे ऐकणारा माणूस गावचा नसतो.

मग ओळखीच्या माणसाने समुपदेशन करूच नये का? अनुभव तसा नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून नैराश्याचे समुपदेशक केले. २०१० आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना फायदा दिसला. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत झालेल्या 'विश्राम' उपक्रमात उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांना सांभाळतात. पुस्तकी नियमाप्रमाणे हे दुहेरी नाते होय, आणि तेच तिथे उपयोगी पडते. मात्र गोव्यातल्या समुपदेशकांना एकटे सोडलेले नव्हते. त्यांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण गटाने ऐकून तपासले जाई.

हॉब्जचे पत्र मराठवाड्यात अजून कोणी पाठवलेले माझ्या पाहण्यात नाही. जिल्ह्यातल्या आशा, शिक्षक, परिचारिका, एम.ए. झालेले समुपदेशक यांनी नावे-गावे गाळून एकेक प्रसंग लिहिला, तर आपली संहिता करायला लागणारा कच्चा माल सहज गोळा होईल. मानसशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा आहे.

त्यात एक प्रसंग असा असणारच. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात, आणि पाच-सहा महिने जोडपी साखर कारखान्यांच्या फडांवर असतात. आठवड्याला एक बैठक, मध्येच रुग्णाला सोडू नये, हे नियम तिथे थांबतात. कायद्याच्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपली उपचाराची कागदपत्रे मिळण्याचा हक्क आहे. ती घेऊन गेलेली बाई कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून गोळ्या चालू ठेवू शकते. पण तो कागद राहणार कोपीत, पत्र्याच्या पेटीत, नवऱ्याच्या, सासूच्या आणि टोळीतल्या कोणाच्याही हाताला लागेल असा. म्हणून निघण्याच्या आधीच्या बैठकीत तिलाच विचारायला हवे, की या कागदावर काय लिहू, आणि काय फक्त पुढच्या डॉक्टरला फोनवर सांगू.